जीआयपी रेल्वे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जीआयपीचा, म्हणजे मुंबई–ठाणे ही पहिली उतारू गाडी चालवणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा, विषय निघाला की गप्पा १६ एप्रिल १८५३ पासून सुरू होतात आणि बहुतेक वेळा तिथेच संपतात. बोरीबंदर, ठाणे, एकवीस तोफा, झालं. घाटातल्या भटकंतीत लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. त्या दिवसाबद्दलही लिहिलं आहे, पण माझ्या मते या कंपनीची खरी गोष्ट दोन ठिकाणी आहे: बोरघाटात आणि तिच्या जमाखर्चात. त्यामुळे तिथली उत्तरं लांबली आहेत.

जीआयपी ही सरकारी रेल्वे होती का?

नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही लंडनमध्ये नोंदलेली खासगी कंपनी होती. १८४५ मध्ये तिची जुळवाजुळव झाली. १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने तिला कायदेशीर रूप मिळालं आणि त्याच महिन्यात, १७ ऑगस्टला, ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. करार होता फक्त ५६ किलोमीटरच्या ‘प्रायोगिक’ रस्त्याचा. मनात मात्र खानदेश आणि वऱ्हाडापर्यंत जाण्याचा बेत होता, आणि तो करारातही लिहिलेला होता. भागधारक विलायतेत, संचालक विलायतेत, काम इथे. मुख्य अभियंता म्हणून जेम्स जॉन बर्कली यांना पाठवलं गेलं.

नाना शंकरशेट यांनी रेल्वे आणली, हे खरं का?

एकट्याने आणली म्हणणं जास्त होईल, आणि त्यांचा संबंध फक्त सभांत मिरवण्यापुरता होता म्हणणं तर साफ चूक. १८४३ च्या सुमारास जॉर्ज क्लार्क नावाच्या अभियंत्याच्या डोक्यात मुंबईहून घाटाकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना आली. त्यानंतर मुंबईत जी मंडळी या कल्पनेमागे उभी राहिली, त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभाई ही दोन नावं आघाडीवर होती. लंडनच्या भांडवलदाराला मुंबईची खात्री पटवायची तर मुंबईतल्या बड्या व्यापाऱ्यांचा शब्द लागतो, तो यांनी दिला. नाना गेले १८६५ मध्ये. तोपर्यंत बोरघाट आणि थळघाट (कसारा घाट) या दोन्हींतले लोहमार्ग सुरू झालेले होते.

‘पाच टक्क्यांची हमी’ हे काय प्रकरण आहे?

हे समजलं की पुढचं बरंच समजतं. कंपनीने जे भांडवल घातलं, त्यावर वर्षाला पाच टक्के व्याज मिळेलच, अशी हमी ईस्ट इंडिया कंपनीने, म्हणजे अखेरीस हिंदुस्थानच्या तिजोरीने, दिली होती. रेल्वेला नफा झाला तर उत्तम. नाही झाला तर तूट इथल्या महसुलातून भरायची. वर जमीन फुकट, आणि ती ९९ वर्षांसाठी. हिशेबासाठी रुपयाचा भावही ठरवून टाकलेला होता, एक शिलिंग दहा पेन्स.

आता विचार करा. काम महाग झालं तरी ज्याचं व्याज बुडत नाही, तो काटकसर कशाला करील? १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनी हेच सांगितलं. विलायतेतल्या भांडवलदाराला त्याचे पाच टक्के मिळाल्याशी मतलब, मग त्याचा पैसा हुगळी नदीत फेकला काय किंवा विटाचुन्यात घातला काय, अशा अर्थाचं ते बोलणं होतं. आपल्याकडे दादाभाई नौरोजींनी आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लिहिणाऱ्या ग. व्यं. जोशी यांनी रेल्वेवरच्या या खर्चाची चिरफाड केली. रेल्वे नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं. बिल कोणी भरायचं, हा त्यांचा सवाल होता.

करारात आणखी एक कलम होतं: पंचवीस वर्षांनी सरकारला रेल्वे विकत घेता येईल. म्हणजे १८७४ मध्ये. पण त्याआधीच, १८७० च्या सुमारास, सरकारने जादा नफ्यातला अर्धा वाटा पदरात पाडून घेऊन तो हक्क सोडून दिला. पुढची संधी आली ती थेट शतकाच्या शेवटी.

बोरीबंदर–ठाणे ही भारतातली पहिली रेल्वे होती ना?

उतारूंसाठी नियमित चालणारी पहिली, हो. रुळांवरून माल मात्र आधीही ओढला गेला होता. मद्रासजवळ रेड हिल्सच्या खाणींतला दगड १८३७ मध्ये रुळांवरून नेला जात होता. रुडकीजवळ सोलानी नदीवर कालव्याचा पूल बांधताना डिसेंबर १८५१ मध्ये वाफेच्या इंजिनाने माती वाहिली. ती कामापुरती रेल्वे होती, काम संपलं की तीही संपली.

१६ एप्रिलला नेमकं काय झालं?

शनिवार होता. कामाचा नारळ त्याआधी अडीच वर्षं, ३१ ऑक्टोबर १८५० ला, शीवजवळ फुटला होता. ठेकेदार होते फॅव्हिएल आणि फाउलर. दुपारी साडेतीनच्या सुमारास चौदा डब्यांची गाडी साधारण चारशे पाहुणे घेऊन बोरीबंदरहून सुटली. पुढे तीन इंजिनं. सिंध, सुलतान आणि साहिब ही त्यांची नेहमी सांगितली जाणारी नावं. अंतर एकवीस मैल, म्हणजे चौतीस किलोमीटर.

तिकीट किती होतं?

ठाण्यापर्यंत तिसऱ्या वर्गाचं पाच आणे तीन पै, पहिल्या वर्गाचं दोन रुपये दहा आणे. आकडे विचित्र वाटतात, पण हिशेब सरळ आहे: रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. तिसऱ्या वर्गाला मैलाला तीन पै, पहिल्याला मैलाला दोन आणे. एकवीसने गुणून पाहा, बरोबर येतं.

लोक गाडीला घाबरत होते, हे खरं आहे का?

वावड्या पुष्कळ होत्या. लोखंडी रस्ता, त्यावर बैल नाही, घोडा नाही, आणि आगीच्या जोरावर धावणारी गाडी, म्हटल्यावर त्या उठणारच. पण त्या रंगवून सांगताना आपण एक गोष्ट विसरतो. मोठी चूक झाली होती ती साहेबांच्या अंदाजात. हिंदू माणूस जातिभेदामुळे गाडीत शेजारी शेजारी बसणार नाही, त्यामुळे रेल्वेने मालावरच जगावं लागेल, असं विलायतेत कित्येकांना वाटत होतं. झालं उलटं. तिसऱ्या वर्गाचे डबे पहिल्यापासून भरले आणि उतारूंच्या उत्पन्नाचा मोठा भार त्यांनीच उचलला. घाबरलेली माणसं इतक्या पटकन रांगेत उभी राहत नाहीत.

रूळ इतके रुंद का?

विलायतेत दोन रुळांतलं अंतर चार फूट साडेआठ इंच चालत होतं, आणि कंपनीला इथेही तेच हवं होतं. गव्हर्नर जनरल डलहौसी सहा फुटांवर अडून होते. तडजोड झाली साडेपाच फुटांवर. आपली आजची ‘ब्रॉडगेज’ ती हीच, १६७६ मिलिमीटर.

खोपोलीला रेल्वे का जाते? पुढे तर काहीच नाही.

हा माझा आवडता प्रश्न. कर्जतहून खोपोलीला जाणारा तो फाटा खरं तर फाटा नव्हताच. १८५४ च्या मे महिन्यात गाडी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला आली आणि मे १८५६ मध्ये खोपोलीला पोचली. त्या वेळी ते घाटाखालचं शेवटचं स्टेशन होतं. वर खंडाळा ते पुणे हा तुकडा १४ जून १८५८ ला सुरू झाला. मधे घाट तसाच!

म्हणजे पाच वर्षं मुंबई–पुणे प्रवास असा होता: खोपोलीपर्यंत आगगाडी, तिथून पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने १८३० पासूनच्या घाटरस्त्याने खंडाळा, आणि खंडाळ्याहून पुन्हा आगगाडी. पावसाळ्यात हा मधला टप्पा कसा होत असेल, ते ज्याने जुलैत बोरघाट पाहिलाय त्याला सांगायला नको. १८६३ मध्ये पळसदरीहून घाटमार्ग सुरू झाला आणि खोपोली आडबाजूला पडली. रूळ राहिले. आजही तिथे लोकल जाते.

बोरघाट बांधायला एवढा वेळ का लागला?

पळसदरी ते खंडाळा साधारण २५ किलोमीटर, आणि तेवढ्यात १,८३१ फूट चढायचं. सगळ्यात तीव्र चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. कागदावर हे किरकोळ दिसतं. वाफेच्या इंजिनाला विचारा. त्यासाठी पंचवीस बोगदे, आठ मोठे कमानी पूल आणि असंख्य मोऱ्या लागल्या.

काळा कातळ हाताने फोडायचा. पहार, घण आणि सुरुंगाची दारू, एवढंच हत्यार. काही कडे इतके सरळ होते की पहिलं भोक पाडायला माणसाला वरून दोराने खाली सोडावं लागे. तो लोंबकळत सुरुंगाचं भोक मारायचा, मग पाय ठेवण्याइतकी जागा व्हायची. रूळ आणि इंजिनं विलायतेहून जहाजाने यायची, तीही आफ्रिकेला वळसा घालून, कारण सुएझ कालवा उघडला १८६९ मध्ये.

१८५६ च्या सुरुवातीला फॅव्हिएलने काम हाती घेतलं. मजुरी पोटठेकेदार आणि मुकादमांच्या हातून वाटली जायची आणि वाटेत गळायची. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून खंडाळ्याजवळ मजूर उठले, साहेब लोकांवर चाल करून गेले. चौकशीत मजुरीच्या तक्रारीत तथ्य निघालं. फॅव्हिएलने मार्चमध्ये ठेका सोडला. पुढच्याच वर्षी सरकारने रेल्वे आणि सरकारी बांधकामांवरच्या मजुरीच्या तंट्यांसाठी कायदा केला. तो करताना मजुराची कळकळ किती आणि काम थांबू नये ही काळजी किती, याबद्दल मला शंका आहे.

१८६१ च्या सुमारास घाटात एका वेळी ४२,००० माणसं होती. बायका आणि पोरंही होती, माती वाहायला. त्या झोपड्यांत पटकी (कॉलरा) शिरायची आणि तळच्या तळ रिकामे व्हायचे. घाटाच्या कामात एकूण किती माणसं मेली याचा इतिहासकारांचा अंदाज पंचवीस हजारांपर्यंत जातो. ठेकेदारांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, या माणसांपैकी एकाचंही नाही.

एका बाईने घाट बांधला असं ऐकलं. खरं?

अ‍ॅलिस ट्रेडवेल. फॅव्हिएलनंतर ठेका सॉलोमन ट्रेडवेल यांना मिळाला. ते १८५९ मध्ये इथे उतरले आणि काही आठवड्यांतच आजाराने गेले. ठेका त्यांच्या पत्नीने, अ‍ॅलिसबाईंनी, पुढे चालवला. प्रत्यक्ष घाटातलं काम अ‍ॅडमसन आणि क्लाउझर हे दोघे पाहत. तरी ठेका बाईंच्या नावावर होता, जबाबदारीही त्यांचीच, आणि तो त्यांनी तडीस नेला. बोरघाट मे १८६३ मध्ये वाहतुकीला उघडला. बर्कली ते पाहायला नव्हते. तब्येत ढासळून ते विलायतेला परतले होते आणि ऑगस्ट १८६२ मध्ये वारले.

‘रिव्हर्सिंग स्टेशन’ म्हणजे काय?

डोंगराच्या अंगाने वळसा घ्यायला जागाच नव्हती. मग गाडी एका टोकाला न्यायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने पुढची चढण चढायची. धोट्यासारखी पुढे, मग मागे. उतरताना गाडी हाताबाहेर गेली तर तिला वळवून चढाच्या बाजूरुळावर घालण्याची सोयही होती, त्याला ‘कॅच सायडिंग’ म्हणतात. बोरघाटातला हा उलटसुलट प्रकार १९२९ मध्ये नवा मार्ग काढून बंद केला.

काम चांगलं झालं होतं का?

सगळं नाही. १८६७ च्या पावसाळ्यात बोरघाटातला एक मोठा कमानी पूल कोसळला. इंग्रजी कागदांत त्याचं नाव ‘म्हाऊ-की-मल्ली’ असं येतं. जीआयपीच्या दगडकामाबद्दल त्यानंतर बराच गदारोळ झाला आणि अनेक पूल पुन्हा बांधावे लागले. पाच टक्के हमीबद्दल वर जे म्हटलं, ते इथे आठवावं.

थळघाटाचं काय?

तो लोकांच्या लक्षात कमी राहतो, कारण पुण्याचा रस्ता नाही. कसारा ते इगतपुरी, चढ तसाच सदतीसास एक, तिथेही रिव्हर्सिंग स्टेशन. १ जानेवारी १८६५ ला सुरू झाला. तिथला एहेगावचा पूल १८० फुटांहून उंच होता. इगतपुरी आणि पुढे भुसावळ ही गावं आज जशी आहेत तशी रेल्वेनेच घडवली.

कंपनीला खरंच कापूस हवा होता का?

हवा होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेवर अवलंबून राहायचं नव्हतं आणि वऱ्हाड-खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवरून मुंबईला यायला महिने लागत, वाटेत भिजे, मातीने भरे. पण नशीब पाहा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं १८६१ मध्ये, संपलं १८६५ मध्ये. कापसाने मुंबईत सोनं उधळलं ते याच चार वर्षांत. जीआयपीची गाडी नागपूरला पोचली १८६७ मध्ये! भाव कोसळून दोन वर्षं झाली होती.

तरी पुढे कापूस आलाच. १८७० मध्ये खामगावच्या बाजारापर्यंत छोटा फाटा काढला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. अमरावतीसाठी बडनेऱ्याहून असाच फाटा निघाला.

मुंबई कलकत्त्याशी आणि मद्रासशी कधी जोडली गेली?

मार्च १८७० मध्ये जबलपूरला जीआयपी आणि ईस्ट इंडियन रेल्वे भेटल्या, कलकत्त्याची वाट झाली. दक्षिणेकडे सोलापूर १८६० मध्येच गाठलं होतं, पण रायचूरला मद्रास रेल्वेशी गाठ पडली १८७१ मध्ये.

दुष्काळात रेल्वेचा उपयोग झाला का?

१८७६–७८ चा दुष्काळ सोलापूर, नगर, विजापूर या पट्ट्यात भयंकर होता. रेल्वेने धान्य आणलं हे खरं, आणि जिथे चढा भाव मिळेल तिथे धान्य ओढून नेणंही रेल्वेनेच सोपं केलं, हेही खरं. रूळ पोचले होते तिथे धान्य दिसत होतं, पण मजुराच्या खिशात ते घ्यायला दमडी नव्हती. याच काळात दौंड–मनमाड मार्ग बांधला गेला आणि १८७८ मध्ये सुरू झाला. तो सरकारी मालकीचा, चालवायची जीआयपी. नगर जिल्ह्यातल्या कित्येक माणसांनी त्या वर्षी त्याच्या भरावावर माती टाकून पोट भरलं.

आपली माणसं कंपनीत कोणत्या कामावर होती?

गँगमन, खलाशी, पॉइंट्समन, बंबवाले, कारकून. वरच्या जागा बराच काळ युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांकडे राहिल्या. एक अपवाद सांगायलाच हवा: जमशेटजी दोराबजी हे पारशी ठेकेदार. त्यांनी जीआयपीच्या मार्गाचे काही तुकडे बांधले आणि त्यांच्या कामाची वाखाणणी बर्कलींनीही केली.

१८९९ मध्ये जीआयपीच्या तारायंत्रावरच्या सिग्नलर मंडळींनी संप केला. टिळकांनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’मधून त्यांची बाजू उचलून धरली. संप फसला, पण रेल्वे कामगाराचा प्रश्न मराठी वाचकाच्या घरात शिरला.

जुन्या वेळापत्रकांत वेळ चुकीची का वाटते?

चुकीची नाही, मद्रासची आहे. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत आणि मुंबईचं घड्याळ तिच्या अर्धा तास मागे असे. मुंबईकराला ते अजिबात पटलं नव्हतं. भारतीय प्रमाणवेळ आली १९०६ पासून.

व्हीटी कंपनीने स्वतःसाठी बांधलं का?

हो, ते, म्हणजे आजचं सीएसएमटी, कंपनीचं मुख्यालय आणि स्टेशन दोन्ही. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा आराखडा, काम सुरू १८७८, पूर्ण १८८८, खर्च सव्वासोळा लाखांच्या आतबाहेर. त्याआधी तिथे बोरीबंदरचं साधं लाकडी स्टेशन होतं. नक्षीकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे.

जीआयपी आणि बीबीसीआय यांत गोंधळ होतो.

सोपं करून सांगतो: आजची मध्य रेल्वे म्हणजे मुख्यतः जीआयपीचा वारसा, पश्चिम रेल्वे म्हणजे बीबीसीआयचा. बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया, गुजरातेतून मुंबईकडे खाली आली आणि १८६७ मध्ये विरारहून शहरात गाडी आणू लागली. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी टर्मिनस. दादरला २०२३ पर्यंत दोन स्वतंत्र क्रमांकांच्या फलाटांशी झटापट करावी लागे, त्याचं मूळ या दोन कंपन्यांत होतं.

कंपनी संपली कधी?

१९०० मध्ये सरकारने ती विकत घेतली, पण चालवायला पुन्हा त्याच कंपनीकडे दिली, सोबत इंडियन मिडलंड रेल्वेही जोडून. लंडनच्या संचालक मंडळाचा हात सुटला तो ३० जून १९२५ ला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपी मध्य रेल्वेत विलीन झाली.

प्रत्यक्ष पाहण्यासारखं काय उरलंय?

सीएसएमटीच्या फाटकावरचा सिंह आणि वाघ सगळ्यांना माहीत असतात. मान आणखी वर केली तर दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेले काही चेहरे दिसतील, त्यांत पगडीवाले नाना आणि जमशेटजी जिजीभाईही आहेत. पण एकच दिवस हाताशी असेल तर मी म्हणेन, कर्जतहून खोपोली लोकल पकडा. डावीकडे घाटाचे रूळ फुटून वर चढायला लागतात तिथे पळसदरी आहे. उतरा, आणि पुण्याकडे जाणाऱ्या मालगाडीला मागून धक्का देणारी इंजिनं बघत थोडा वेळ थांबा. चढ अजून सदतीसास एकच आहे.